टिफनीचा दिवा आणि काचेमागचे हात

१७ जानेवारी १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी लुई कम्फर्ट टिफनी यांचे निधन झाले. त्यापूर्वी वर्षभर आधी त्यांच्या 'टिफनी स्टुडिओज' या कंपनीचे दिवाळे निघाले होते. ज्या रंगीत काचेच्या दिव्यांनी एकेकाळी अमेरिकेतील श्रीमंतांच्या बैठकी उजळल्या, ते दिवे आता जुन्या बाजारात कवडीमोल झाले होते. पुढील दोन पिढ्यांत चित्र पालटले. हेच दिवे संग्रहालयांच्या काचपेट्यांत विराजमान झाले, लिलावात त्यांना लाखो डॉलरची बोली लागू लागली आणि 'टिफनी दिवा' हे एका विशिष्ट शैलीचे सर्वनाम होऊन बसले. मात्र कीर्तीचा हा दिवा दुसऱ्यांदा पेटला तेव्हा त्याच्या उजेडात एक प्रश्नही दिसू लागला. ज्या हातांनी ही काच निवडली, कापली आणि जुळवली, ते हात नेमके कोणाचे होते? टिफनी यांचे चरित्र या प्रश्नाला वगळून सांगता येत नाही.

लुई यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील चार्ल्स लुई टिफनी यांनी १८३७ मध्ये भागीदारीत एक छोटे दुकान थाटले होते. कागद, लेखनसाहित्य आणि शोभेच्या वस्तू विकणाऱ्या त्या दुकानाचे रूपांतर पुढे जगप्रसिद्ध जवाहिऱ्यांच्या पेढीत झाले. फ्रान्सच्या राजघराण्याची रत्ने १८८७ मध्ये लिलावात निघाली, तेव्हा त्यांतील मोठा वाटा याच पेढीने विकत घेतला. अशा घरातील मुलाने हिशेबाच्या वह्या आणि हिऱ्यांचे काटे सांभाळावेत, हीच रीत होती. लुई यांनी मात्र ब्रश हाती धरला. जॉर्ज इनेस या नामवंत निसर्गचित्रकाराच्या सान्निध्यात त्यांनी सुरुवातीचे धडे गिरवले, न्यूयॉर्कच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये काही काळ शिक्षण घेतले आणि पॅरिसची वाट धरली. १८७० मध्ये उत्तर आफ्रिकेचा प्रवास घडला. तेथील रखरखीत ऊन, रंगीबेरंगी बाजार, मशिदींच्या जाळ्यांतून झिरपणारा प्रकाश यांनी या तरुणाच्या दृष्टीला वेगळे वळण दिले. चित्रात रंगाने प्रकाशाचा आभास निर्माण करावा लागतो. काचेत रंग आणि प्रकाश एकाच वेळी प्रत्यक्ष हजर असतात. चित्रकाराला काचेकडे नेणारे आकर्षण ते हेच.

काच आणि चित्र यांचे नाते मात्र टिफनी यांच्या कितीतरी आधीचे आहे, आणि ते सरळ नाही. मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या खिडक्यांत रंग काचेच्या अंगात असे. भट्टीत धातूंची भस्मे मिसळून तांबडी, निळी, हिरवी काच तयार होई, तिचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडले जात आणि सूर्यप्रकाश उरलेले काम करी. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलच्या खिडक्या या पद्धतीचे शिखर मानल्या जातात. पंधराव्या शतकात इटलीत रेनेसान्सचे, म्हणजे प्रबोधनकाळाचे वारे वाहू लागले आणि चित्रकला ही सर्व कलांची मार्गदर्शक झाली. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर ब्रुनेलेस्की यांचा भव्य घुमट उभा राहिला, तेव्हा त्याखालील गोल खिडक्यांसाठी गिबर्ती, दोनातेल्लो, उच्चेल्लो आणि कास्तान्यो अशा अग्रणी कलावंतांनी आराखडे काढले. आराखडा कलावंताचा, काच मात्र कारागिराने घडवलेली, अशी ही विभागणी होती. पुढच्या शतकात काचेवर रंगवण्याचे मिनारंग सुलभ झाले आणि खिडकी म्हणजे जणू पारदर्शक कॅनव्हास ठरला. तैलचित्रातील छायाप्रकाश, खोली, वस्त्रांच्या चुण्या यांची नक्कल काचेवर होऊ लागली. त्यात कौशल्य होते, पण रंगाच्या थरांनी प्रकाशाची वाट अडवली. जॉर्जो वाझारी यांनी कलावंतांच्या चरित्रांचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी ग्विलोम द मार्सिया या काचचित्रकारालाही स्थान दिले. याच काचचित्रकाराकडे अरेझ्झो गावी वाझारी यांनी बालपणी चित्रकलेचे धडे घेतले होते.

टिफनी यांच्यापुढे हा सारा वारसा होता. चित्रकारांनी काचेला दिलेली खोली त्यांना हवी होती, पण काचेवर फासलेला रंग नको होता. आकाशातील ढग, पाण्यावरची लहर, पाकळीची कड, वस्त्राची घडी हे सर्व ब्रशाविना, काचेच्या अंगभूत रंगातून आणि पोतातून उमटावे, हा त्यांचा ध्यास झाला. चेहरे आणि हात एवढ्यापुरताच रंग वापरावा, बाकी सर्व काम काचेने करावे, असा त्यांचा दंडक होता. १८७५ च्या सुमारास ब्रुकलिनमधील काचकारखान्यांत त्यांनी प्रयोग सुरू केले. तेव्हा खिडक्यांसाठी मिळणारी काच इतकी शुद्ध आणि सपाट असे, की तिच्यात रंगाची चढउतार नसे. उलट जॅम, लोणच्यांच्या स्वस्त बरण्यांच्या काचेत अशुद्ध द्रव्यांमुळे धूसरपणा आणि रेषा राहून जात. त्या दोषातच टिफनी यांना सौंदर्य दिसले.

यातून दुधी छटेची, एकाच तुकड्यात अनेक रंग मिसळलेली काच आकाराला आली. तिच्यातून आरपार दिसत नाही, पण प्रकाश तिच्यात मुरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत तावदानांच्या जागी पातळ शिंपले बसवलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रकाशाची जात वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बाहेरचे ऊन त्या शिंपल्यांतून आत येताना जसे निवते, तसेच या काचेतून येताना निवते. दुधी काच ही कल्पना जगाला अगदीच नवी नव्हती. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांनी पंधराव्या शतकातच दुधासारखी पांढरी काच आणि अकीक दगडासारखी रंगीत शिरांची काच घडवली होती. पण त्यांनी ती पेले आणि सुरया यांसाठी वापरली. तिचे पत्रे करून खिडकी घडवणे, हे पाऊल अमेरिकेत पडले. या शोधाचे श्रेय एकट्या टिफनी यांना देता येत नाही. जॉन ला फार्ज या चित्रकाराने १८८० मध्ये अशा काचेच्या वापराचे पेटंट मिळवले, टिफनी यांचे पेटंट त्याच्या पुढच्या वर्षीचे. दोघांतील स्पर्धा कटू झाली आणि अखेरपर्यंत तशीच राहिली.

दरम्यान, टिफनी यांनी गृहसजावटीच्या व्यवसायात प्रवेश केला होता. १८७९ च्या सुमारास त्यांनी भरतकाम आणि वस्त्रकलेतील जाणकार कँडेस व्हीलर, चित्रकार सॅम्युएल कोलमन आणि लॉकवुड डी फॉरेस्ट यांच्यासह काम सुरू केले. यांपैकी डी फॉरेस्ट यांचे नाव भारतीय वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. ते भारतात आले आणि १८८१ मध्ये त्यांनी अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्या साहाय्याने लाकडी कोरीवकामाची कार्यशाळा उभी केली. तेथील सुतारांनी कोरलेली लाकडी नक्षी समुद्रापार जाऊन अमेरिकी घरांच्या भिंती सजवू लागली. ती नक्षी आजही तेथील संग्रहालयांत आहे, पण ती कोरणाऱ्या बहुतेकांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. टिफनी यांच्या मंडळीने लेखक मार्क ट्वेन यांच्या हार्टफर्ड येथील घराची सजावट केली. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या काळात व्हाइट हाउसच्या दालनांचे काम त्यांच्याकडे आले आणि तेथे रंगीत काचेचा एक भव्य पडदा उभा राहिला. १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत झालेल्या नूतनीकरणात तो काढून टाकण्यात आला. रुची बदलली की कलावस्तूचे काय होते, याची ती पूर्वसूचनाच होती.

खासगी आयुष्यात या काळाने त्यांना मोठा आघात दिला. १८८४ मध्ये पत्नी मेरी यांचे निधन झाले. पदरी लहान मुले होती. १८८६ मध्ये त्यांनी लुईस नॉक्स यांच्याशी दुसरा विवाह केला. या सर्व काळात काम थांबले नाही. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या लायसियम नाट्यगृहाची सजावट त्यांनी केली, तेव्हा तेथील विजेच्या दिव्यांच्या कामात थॉमस एडिसन यांचा सहभाग होता. विजेचा दिवा तेव्हा अगदी नवा होता. त्याचा उघडा, टोचरा उजेड डोळ्यांना सोसत नसे. त्या उजेडावर काहीतरी पांघरूण हवे, ही गरज टिफनी यांनी ओळखली. पुढे त्यांच्या नावाने जगभर गेलेल्या दिव्याचे बीज या गरजेत होते.

१८९२-९३ मध्ये क्वीन्स भागातील करोना येथे टिफनी यांनी स्वतःच्या भट्ट्या उभारल्या. इंग्लंडमधील स्टौरब्रिजचे अनुभवी काचतज्ज्ञ आर्थर नॅश यांच्याकडे त्यांची जबाबदारी सोपवण्यात आली. जमिनीखाली शतकानुशतके पुरल्या गेलेल्या रोमन काचेवर मोरपिसासारखी चमक चढलेली असते. तशी चमक नव्या काचेवर आणण्यात येथे यश आले. हाताने घडवलेली वस्तू सुचवणाऱ्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून या काचेला 'फॅव्रिल' असे नाव देण्यात आले आणि १८९४ मध्ये त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात टिफनी यांनी मांडलेले काच आणि मोझेकचे प्रार्थनागृह पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली होती. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे भारतीयांना परिचित असलेली सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

टेबलावर ठेवण्याच्या दिव्यांचे युग या नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. चर्चच्या खिडक्यांना मागणी मोठी होती, पण खिडकी एकदाच आणि एकाच जागी लागते. तिच्या कामातून उरलेल्या सुंदर काचतुकड्यांचे ढीग साचत होते. खिडकीची कला लहान करून घरातील मेजावर आणली, तर ती अधिक घरांत पोचू शकणार होती. सुरुवातीचे अनेक दिवे रॉकेलवर चालत, पुढे वीज आली. शेड कसा घडे, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम जलरंगात आराखडा रंगवला जाई. शेडच्या आकाराच्या साच्यावर तो आराखडा उतरवला जाई आणि त्यातील प्रत्येक पाकळीचा, पानाचा, पार्श्वभूमीच्या प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र नमुना कापला जाई. मग काचेचे मोठे पत्रे खिडकीच्या उजेडात धरून निवड सुरू होई. पाकळीच्या टोकाला फिकट होत जाणारा गुलाबी, पानाच्या देठाकडे गडद होणारा हिरवा नेमका पत्र्याच्या कोणत्या भागात आहे, ते डोळ्यांनी हेरावे लागे. तेवढाच भाग कापून घेतला जाई. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची अतिपातळ पट्टी मेणाने चिकटवली जाई. शेवटी सर्व तुकडे साच्यावर बसवून डाख दिला जाई. शिशाच्या जाड पट्टीऐवजी तांब्याची पट्टी वापरल्याने बोटाच्या नखाएवढे तुकडेही जोडता येऊ लागले आणि गोलाकार शेडवर फुलांचा ताटवा उमलू लागला. विस्टेरिया या वेलीच्या घोसांचा दिवा विशेष गाजला. त्याच्या एका शेडमध्ये काचेचे सुमारे २००० तुकडे असतात.

या प्रक्रियेतील निवड, कापणी आणि पट्टी लावणे ही कामे फुलांच्या दिव्यांसाठी प्रामुख्याने स्त्रिया करीत. १८९२ मध्ये काचकारागिरांच्या पुरुष संघटनेने संप केला, तेव्हा टिफनी यांनी स्त्रियांचा स्वतंत्र काच-कापणी विभाग सुरू केला. त्या संघटनेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. रंगाच्या सूक्ष्म छटा ओळखण्यात स्त्रिया अधिक तरबेज असतात, असेही टिफनी यांचे मत होते. या विभागाची प्रमुख होती क्लारा ड्रिस्कॉल. ओहायो राज्यातील टॉलमज गावी १८६१ मध्ये तिचा जन्म झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले, पण आईने मुलींच्या शिक्षणाचा आग्रह सोडला नाही. क्लीव्हलंड आणि न्यूयॉर्क येथे कलाशिक्षण घेऊन १८८८ मध्ये ती टिफनी यांच्याकडे रुजू झाली. तेथे विवाहित स्त्रीला नोकरी करता येत नसे. त्यामुळे लग्न होताच तिला काम सोडावे लागले. १८९२ मध्ये पतीचे निधन झाले आणि ती पुन्हा कामावर आली. तिच्या हाताखाली एके काळी ३५ तरुणी काम करीत. 'टिफनी गर्ल्स' म्हणून त्या ओळखल्या जात.

क्लारा केवळ देखरेख करीत नव्हती. पुष्कळशा प्रसिद्ध दिव्यांची कल्पना आणि आराखडे तिचे होते. पंख पसरून खाली झेपावणाऱ्या चतुर कीटकांचा दिवा तिचा, विस्टेरियाचा दिवाही तिचाच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात चतुरांच्या दिव्याला कांस्यपदक मिळाले, ते तिच्या नावे होते. तेव्हा तिचे नाव अगदीच अंधारात होते असे म्हणता येणार नाही. परंतु दिव्याच्या बैठकीवर आणि शेडच्या कडेला ठसा उमटे तो टिफनी स्टुडिओजचा. तिला आठवड्याला ३५ डॉलर वेतन होते. त्या काळातील नोकरदार स्त्रीसाठी ते भरघोस होते. १९०६ च्या किंमतपत्रकात विस्टेरियाच्या दिव्याची किंमत ४०० डॉलर होती. स्वतःच्या कल्पनेतून उमललेला एक दिवा विकत घ्यायचा, तर तिला जवळपास बारा आठवड्यांचे वेतन मोजावे लागले असते.

या स्त्रियांचे काम सुखासुखी चालले नाही. १९०३ मध्ये पुरुष कारागिरांनी स्त्रियांच्या विभागावर मर्यादा घालण्याची मागणी करत संपाचा इशारा दिला. अखेर तडजोड झाली. विभाग टिकला, पण त्यातील स्त्रियांची संख्या २७ वर गोठवण्यात आली. टिफनी यांनी या स्त्रियांना वाऱ्यावर सोडले नाही, ही बाब त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. खर्चाकडे बोट दाखवून आराखडे नाकारणाऱ्या व्यवस्थापकांच्या तुलनेत ते स्वतः क्लाराच्या धाडसी कल्पनांना पाठबळ देत. सुंदर वस्तूसाठी पैसा कमी पडू नये, हा त्यांचा स्वभाव होता. त्याच स्वभावाने पुढे त्यांचा धंदा बुडवला. मात्र विवाहित स्त्रीला काम न देण्याचा नियम तसाच राहिला. १९०९ मध्ये क्लाराने दुसरा विवाह केला आणि ती टिफनी स्टुडिओजच्या दारातून कायमची बाहेर पडली. १९४४ मध्ये तिचे निधन झाले.

अनेकांचे हात आणि एकाचे नाव, ही रीत प्रबोधनकाळातील इटलीला चांगली ठाऊक होती. फ्लॉरेन्समधील वेरोक्किओ यांच्या चित्रशाळेत शिष्य रंग कुटत, पार्श्वभूमी रंगवत, वस्त्रे भरत आणि चित्र मात्र गुरूच्या नावाने बाहेर पडे. ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या चित्रातील एक देवदूत तरुण लिओनार्दो द विंची यांनी रंगवला, असे परंपरा सांगते आणि अभ्यासकही मानतात. ते चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. पण या दोन चित्रशाळांत एक मोठा फरक होता. इटलीतील शिष्य शिकून स्वतंत्र होई, स्वतःची चित्रशाळा काढी आणि प्रसंगी गुरूला मागे टाकी. लिओनार्दो यांच्याबाबतीत तेच घडले. टिफनी यांच्याकडील स्त्रियांसाठी या मार्गाचे दार बंद होते. बहुतेकींच्या वाट्याला लग्न होईपर्यंतची नोकरी आली, आणि नोकरी संपताच नावही संपले.

टिफनी यांनी स्वतःला प्रबोधनकाळातील आश्रयदात्यांच्या मालिकेत पाहिले असावे, असे त्यांच्या उत्तरायुष्यावरून वाटते. १९०२ मध्ये वडील वारले. मोठी संपत्ती हाती आली आणि वडिलांच्या पेढीच्या कला-संचालकपदाची जबाबदारीही. लाँग आयलंडवर ऑयस्टर बे येथे त्यांनी लॉरेल्टन हॉल हा ८४ खोल्यांचा प्रासाद बांधला. त्याचे खांब, कारंजी, बागा, काचा यांचा आराखडा त्यांनी स्वतः केला. १९०४ मध्ये दुसऱ्या पत्नीचेही निधन झाले आणि त्या प्रचंड वास्तूत ते मुलींसह राहिले. धाकटी कन्या डोरोथी बर्लिंगहॅम पुढे व्हिएन्नाला गेली आणि ॲना फ्रॉइड यांची सहकारी, बालमनाची अभ्यासक म्हणून तिने स्वतःचे नाव कमावले. १९११ मध्ये टिफनी स्टुडिओजने मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय नाट्यगृहासाठी काचेचा महाकाय पडदा घडवला. मेक्सिकोच्या खोऱ्यातील दोन ज्वालामुखी पर्वतांचे ते दृश्य सुमारे दहा लाख काचतुकड्यांतून साकारले आहे आणि आजही तेथे पाहता येते. १९१४ मध्ये टिफनी यांनी आपल्या कलाकार्यावर एक देखणा ग्रंथ सिद्ध करवून घेतला आणि मोजक्या प्रती छापून तो वाटला. त्या ग्रंथाचा नायक एकच होता. १९१८ मध्ये त्यांनी न्यास स्थापन केला आणि लॉरेल्टन हॉलची दारे होतकरू कलावंतांसाठी उघडली.

पण काळ पुढे सरकला होता. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या आर्मरी प्रदर्शनाने युरोपातील नवचित्रकला अमेरिकेच्या उंबरठ्यावर आणली. सरळ रेषा, मोकळ्या भिंती आणि अलंकारहीन वस्तू यांचे दिवस आले. फुलापानांनी बहरलेले काचदिवे जुनाट दिसू लागले. टिफनी यांना ही नवी कला कधीच रुचली नाही. पहिल्या महायुद्धानंतर मागणी आटत गेली, विसाव्या दशकात भट्ट्या विझल्या आणि १९३२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी पत्करली. आपल्या कलेचे मोल घसरताना पाहतच टिफनी यांनी डोळे मिटले.

त्यानंतरची कथा दिव्यांची आहे. १९३५ मध्ये एगॉन न्यूस्टॅट या दंतवैद्याने आणि त्यांच्या पत्नीने न्यूयॉर्कमधील जुन्या वस्तूंच्या दुकानातून डॅफोडिल फुलांचा एक दिवा साडेबारा डॉलरला विकत घेतला. पुढे त्यांनी अशा दिव्यांचा सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक उभा केला आणि त्यातील मोठा भाग न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला दिला. १९५७ मध्ये लॉरेल्टन हॉल आगीत भस्मसात झाला. त्या राखेतून वाचलेल्या काचा, खांब, दरवाजे ह्यू आणि जॅनेट मकीन या दांपत्याने फ्लोरिडातील विंटर पार्क येथे नेले. तेथील मॉर्स संग्रहालयात शिकागो प्रदर्शनातील ते प्रार्थनागृह आज पुन्हा उभे आहे. १९५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टिफनी यांच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि विसरलेले नाव लोकांच्या ओठांवर परतले.

क्लाराचे नाव परतायला मात्र आणखी जवळपास अर्धशतक लागले. ती आपल्या आईला आणि बहिणींना नियमितपणे सविस्तर पत्रे लिहीत असे. कामाच्या कटकटी, नवे आराखडे, सायकलवरच्या सहली, सहकारी मुलींची सुखदुःखे असे सर्व त्यांत होते. ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात आणि क्वीन्सच्या इतिहास मंडळात ही पत्रे जपून ठेवलेली होती. २००५ च्या सुमारास मार्टिन आयडेलबर्ग, नीना ग्रे आणि मार्गारेट हॉफर या अभ्यासकांनी ती बारकाईने वाचली आणि कोणता दिवा कोणाच्या कल्पनेतून आला, याचा उलगडा होत गेला. २००७ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने क्लारा आणि तिच्या सहकारिणींवर स्वतंत्र प्रदर्शन भरवले. कलेच्या इतिहासाची पाने दुरुस्त करावी लागली. कंपनीची बहुतेक कागदपत्रे नष्ट झालेली असताना एका मुलीने घरी धाडलेल्या पत्रांनी हे काम केले.

हा प्रश्न केवळ न्यूयॉर्कचा नाही. मराठी भाषा आजही कानी पडते त्या तेलंगणातील आदिलाबाद परिसरात उशेगावचे कारागीर मेणाचा साचा वितळवून पितळेच्या मूर्ती, घंटा आणि दिवे ओततात. २०१८ मध्ये 'आदिलाबाद डोक्रा' या नावाने या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्याचा भाग असलेल्या निर्मलच्या लाकडी खेळण्यांची ख्याती तर त्याहून जुनी आहे. मानांकनाने गावाचे नाव सुरक्षित झाले, कलेला बाजारात ओळख मिळाली, ही मोलाची गोष्ट आहे. पण अमुक दिवा अमुक हाताने ओतला, ही नोंद त्यात येत नाही. देवळातील समई असो वा चर्चमधील कोरीव वेदी, आपल्याकडच्या बहुतेक सुंदर वस्तूंची हीच स्थिती आहे. त्या घडवणाऱ्यांनी घरी पत्रे लिहिली असतील, तर ती शोधायला अजून कोणी निघालेले नाही.

क्लाराला मान मिळाल्याने टिफनी यांची थोरवी उणावत नाही. काचेचे वेड त्यांचे होते, भट्ट्या आणि भांडवल त्यांचे होते, रंग काचेच्या अंगातूनच यावा हा आग्रह त्यांचा होता. ज्या काळात काचकारागिरांच्या संघटनेची दारे स्त्रियांना बंद होती, त्या काळात त्यांनी स्त्रियांच्या हाती आपली सर्वांत नाजूक काच दिली. श्रेय देण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा हात आखडला, आणि चरित्रकाराने दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहायला हव्यात. २०१७ पासून न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या खास दालनात टिफनी स्टुडिओजचे सुमारे १०० दिवे मांडलेले आहेत. चतुर आणि विस्टेरियाच्या दिव्यांसोबत आता क्लारा ड्रिस्कॉलचे नाव वाचता येते. तिच्या टेबलाशेजारी बसून ते दोन-दोन हजार तुकडे ज्यांनी एकेक करून उजेडात धरून निवडले, त्या मुलींपैकी बहुतेकींची नावे कोणत्या दिव्यापुढे लिहावीत, हे आजही कोणी सांगू शकत नाही.